काळ्या मातीत गप्प बसणारं यंत्र

देवपुरात मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहत होते ते आबा भूकसुद्धा मोजून सांगायचे. "आज चार आणे भूक आहे" म्हणजे अर्धी भाकरी. "बारा आणे" म्हटलं की त्यांच्या बायको, अक्का, आणखी पीठ भिजवायला घ्यायच्या. सोळा आणे भूक त्यांना वर्षातून दोनदाच लागे, एकदा थंडीतलं पहिलं भरीत झालं की आणि एकदा आंबे आले की. हे आणे पैशातले नव्हेत. आबांनी जन्मभर मोजणीदार म्हणून जमिनी मोजल्या. मोजणीची जुनी साखळी तेहतीस फुटांची, तिचे भाग सोळा, आणि एकेका भागाला आणा म्हणायचं. नोकरी संपली तशी साखळी खात्यात जमा झाली, आणे मात्र जिभेवर राहिले. मी तापानं पडले तर दारात उभं राहून विचारायचे, "टायपिस्टबाई, आज किती आणे बरं वाटतंय?" मी "दहा" म्हटलं की समाधानानं परत जायचे.

मी मूळची बोदवडची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा धुळ्याच्या एका कचेरीत टंकलेखक म्हणून लागले आणि खोली शोधत देवपुरात फिरले. एकट्या मुलीला खोली द्यायची म्हटली की घरमालक जात विचारत, वडिलांचा धंदा विचारत, रात्री किती वाजता येणार ते विचारत. आबांनी एकच विचारलं.

"इंग्रजी टाइप येतं?"

"येतं."

"मग खोली तुमची."

माणूस शिक्षणाची कदर करणारा दिसतो, असं मी घरी कळवलं. आठवड्याभरात कदर कशाची होती ते कळलं. एका संध्याकाळी आबा पाच कागद घेऊन आले. दिल्लीच्या एका आणि बंगलोरच्या दोन कंपन्यांना पत्रं लिहायची होती. जमिनीतलं लोखंड शोधायचं यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, या कंपन्या बनवत. आबांना त्यांची माहितीपत्रकं हवी होती, आणि शेवटी एक प्रश्न होता, "आपले यंत्र काळ्या मातीत गप्प बसते काय?"

मी म्हटलं, "आबा, इंग्रजीत गप्प बसणं असं नसतं लिहीत. प्रतिसाद देत नाही, असं लिहू या."

"प्रतिसाद न देणं वेगळं, गप्प बसणं वेगळं," आबा म्हणाले. "मेलेला माणूस प्रतिसाद देत नाही. शहाणा गप्प बसतो. तुम्ही गप्पच लिहा."

लिहिलं बापडीनं. उत्तर आलं नाही. आबांनी स्मरणपत्रं पाठवली, तेव्हा कुठे माहितीपत्रकं आली. पुढची दोन वर्षं माझ्या टाइपरायटरनं कचेरीपेक्षा आबांचंच काम जास्त केलं असेल.

आता यंत्र कशाला हवं होतं ते सांगते, नाही तर तुम्हीही देवपूरकरांसारखं काहीतरी मनात आणाल. देवपूरकरांनी गुप्तधन हेच धरलं होतं. म्हातारा सरकारी नोकर, तोही मोजणीदार, गावोगावच्या जमिनी पालथ्या घातलेला, आणि आता लोखंड-सोनं शोधायचं यंत्र घेतोय, म्हटल्यावर दुसरं काय असणार? एकदा एक गृहस्थ पिशवीत लिंबं घेऊन आले आणि निम्म्या वाट्याची बोलणी करू लागले. आबांनी लिंबं ठेवून घेतली, अक्कांनी सरबत केलं, आणि त्यातलंच पेलाभर त्या गृहस्थांना देऊन बोळवलं.

खरी गोष्ट वेगळी होती. आबा मूळ कोकणातले. बाविसाव्या वर्षी नोकरी लागली ती थेट खान्देशात. ट्रंक उतरवून चार दिवस झाले नाहीत तोच त्यांना पांझरेच्या काठच्या एका गावी मोजणीला पाठवलं. आयुष्यातली पहिली मोजणी. गावशिवेच्या मोठ्या दगडापासून साखळी टाकत जायचं आणि दोन वावरांच्या मध्ये हद्दीचा दगड रोवायचा. मापं कागदावर लिहायची, त्याला टिपण म्हणतात. हे सगळं आबांनी केलं आणि पुढे पस्तीस-छत्तीस वर्षं त्या गावाचं नावही कुणी काढलं नाही.

मग त्या दोन वावरांत भांडण लागलं. एकीकडे एक मावशी, साठीच्या पुढच्या, आवाजानं पाखरं उडवणाऱ्या. दुसरीकडे त्यांचे शेजारी, ज्यांना सगळं गाव जिभाऊ म्हणे. मावशींच्या मुलानं टिपणाची नक्कल काढून आणली. त्यात शिवेच्या दगडापासून हद्द लिहिली होती अकरा साखळ्या आठ आणे. दगड तर उभा होता बरोब्बर अकरा साखळ्यांवर. म्हणजे अर्ध्या साखळीचा फरक, सोळा-सतरा फुटांचा पट्टा, कपाशीचे पाच-सहा तास, म्हणजे ओळी, आणि एक बोरीचं झाड. मावशी म्हणाल्या, जिभाऊनं दगड सरकवला. जिभाऊ म्हणाले, दगड हाललाच नाही, टिपणच खोटं आहे. आणि मग चावडीत चारचौघांसमोर ते म्हणाले, "त्या मोजणीदारानी कोंबडं खाईसन लिखं!"

हे वाक्य एसटीनं धुळ्याला आलं आणि पूल ओलांडून देवपुरात पोचलं.

"कोंबडं!" आबा मला सांगताना उभे राहिले. "अहो, मी अंड्याला हात लावला नाही जन्मात! आणि लाच खायची तर कोंबडं? एवढीच किंमत माझी?"

त्यांना नक्की कशाचा राग आलाय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण एक दिसत होतं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत या माणसाकडे दाखवायला घर सोडलं तर दुसरं काही नव्हतं. माप खरं, एवढीच कमाई. ती आता कुणीतरी कोंबड्यावर घालवली होती, आणि ती परत मिळवल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हती.

पुरावा त्यांच्याकडे होता. फक्त तो जमिनीत होता. आबांची पहिल्या मोजणीपासूनची एक खोड होती, कुणालाच ठाऊक नसलेली. हद्दीचा दगड रोवताना त्याच्या बुडाशी, हातभर खाली, ते घोड्याचा झिजलेला नाल पुरत. जुने मोजणीदार कोळसा पुरत, कारण कोळसा कुजत नाही. आबांना वाटे, कोळसा काय, कुठल्याही चुलीतला निघेल. नाल कसा उठून दिसतो! टांगे उभे राहत तिथल्या नालबंदाकडून ते झिजलेले नाल पिशवीभर आणत. दगड कुणी हलवला तरी खालचा नाल कोण हलवणार? जिथे नाल तिथे खरी हद्द.

"मग हे आधीच कुणाला का सांगितलं नाही?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर खान्देशात एक दगड जागेवर राहिला नसता. घोड्याचा नाल! शनीच्या पीडेवर दाराला ठोकायला लोक तो कुठून कुठून मिळवतात. माझे नाल पुरलेत म्हटल्यावर सगळ्या हद्दी उकरल्या असत्या."

अक्का पलीकडे लसूण सोलत होत्या. त्या शिरपूरकडच्या, बोलणं अस्सल खान्देशी. म्हणाल्या, "पस्तीस वरीस मी यासनाबरोबर नांदी राह्यनू. माले बी सांगं नही!" आबा खाली बघून हसले. पुरलेल्या नालांचा विषय बायकोलाही न सांगणारा नवरा पहिला आणि शेवटचाच असेल.

नुसतं खणून दाखवता आलं नसतं. म्हाताऱ्यानं आदल्या दिवशी नाल पुरला आणि आज काढला, असं जिभाऊ म्हणालेच असते. पंचांच्या समोर, न उकरलेल्या जमिनीवर यंत्र फिरलं पाहिजे, यंत्रानं आवाज दिला पाहिजे आणि मग पंचांनीच खणलं पाहिजे. म्हणून यंत्र. आणि यंत्र असं हवं की त्याच्या शब्दावर कुणी बोट ठेवू नये. म्हणून तुलना.

आबांनी ड्रॉइंगच्या कागदावर एक तक्ता आखला होता. आडव्या रांगेत यंत्रं, उभ्या रांगेत रकाने. वजन, दांडा, किती खोलवरचं ऐकू येतं, सेल किती लागतात. शेवटचा रकाना होता स्वभाव. त्यात बंगलोरच्या एका यंत्रापुढे "लाजाळू" आणि दिल्लीच्या यंत्रापुढे "चुगलखोर" असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. नुसत्या माहितीपत्रकावरून हे कसं कळतं, म्हटलं तर म्हणाले, "ज्या पत्रकात स्वतःची स्तुती जास्त, ते यंत्र बडबडं. माणसांचं तसंच असतं."

माहितीपत्रकावर भागणार नव्हतं, म्हणून त्यांनी प्रत्यक्ष यंत्रं पाहायला सुरुवात केली. धुळ्यात कुठलेसे मंत्री सभेला आले होते. मैदानाच्या दाराशी पोलीस हातातलं छोटं यंत्र घेऊन एकेकाच्या अंगावरून फिरवत होते. आबा रांगेत उभे राहिले. पहिल्या खेपेला खिशात किल्ली होती. यंत्र वाजलं, किल्ली दाखवली, आत सोडलं. आबा मागच्या बाजूनं बाहेर आले आणि पुन्हा रांगेत लागले. दुसऱ्या खेपेला पितळी डबी होती. तिसऱ्या खेपेला धोतराच्या कनवटीला घोड्याचा नाल. हवालदारानं त्यांना बाजूला घेतलं आणि सभा संपेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. मला कचेरीत निरोप आला, मी धावत गेले. हवालदार बिचारा सज्जन होता. मला म्हणाला, "बाई, आजोबा म्हणतात मी मंत्र्यांना ऐकायला आलोच नाही, यंत्राला ऐकायला आलोय. आता हे मी कागदावर कसं लिहू?"

बाहेर पडल्यावर आबा खुशीत होते. "पितळ आणि लोखंड, दोघांना एकच सूर. हे आपल्या कामाचं नाही." घरी येऊन तक्त्यात त्या यंत्रापुढे लिहिलं, "भेदभाव करत नाही." ही तक्रार होती, हे वाचणाऱ्याला कळलं नसतं.

मग त्यांनी पाणीपुरवठ्याच्या एका फिटरशी ओळख काढली. गाडलेले पाइप शोधायला त्याच्याकडे लांब दांड्याचं यंत्र होतं. एका रविवारी त्यानं ते आमच्या अंगणात आणलं. आबांनी आठ दिवस आधीपासून अंगणात वेगवेगळ्या खोलीवर वस्तू पुरून ठेवल्या होत्या. नाल होतेच, त्याशिवाय अक्कांची सांडशी, उलथणं आणि अडकित्ता. अक्का आठवडाभर अडकित्ता शोधत होत्या, आणि माझ्याकडे जरा संशयानं बघत होत्या. यंत्रानं सांडशी शोधली, उलथणं शोधलं. अडकित्ता काही सापडेना आणि आबांना जागा आठवेना. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या हद्दी सांभाळणाऱ्या माणसाला स्वतःच्या अंगणात अडकित्ता सापडला नाही, यावर अक्का पुढे कितीतरी दिवस बोलत होत्या. यंत्राला त्या "मन्ही सवत" म्हणायला लागल्या त्या तेव्हापासून.

दिल्लीच्या कंपनीचा माणूस एकदा यंत्र दाखवायला स्वतः आला. टायवाला, घामाघूम झालेला, हिंदी बोलणारा. यंत्र परदेशी बनावटीचं होतं, रंगानं देखणं. आबा त्याला घेऊन नकाण्याच्या बाजूला एका काळ्या वावरात गेले, मीही गेले. यंत्र सुरू केलं तशी त्यानं जी किंकाळी फोडली ती थांबेचना. कपाशीची काळी माती बघून ते बिथरलंच. जिथे धरावं तिथे वाजे. तो माणूस बटणं पिरगाळत म्हणाला, "साहब, यहाँ बहुत माल है!"

आबांनी त्याला उसाचा रस पाजला, बसस्टँडवर सोडला आणि परत येताना मला म्हणाले, "ज्याला गप्प बसता येत नाही त्याच्या बोलण्याला किंमत काय, टायपिस्टबाई?" तेव्हा कुठे मला त्यांच्या पत्रातला तो प्रश्न कळला. आमच्या काळ्या मातीतच लोहाचा अंश असतो. तिच्यात ज्याला मुळीच लोखंड दिसत नाही ते यंत्र आंधळं, आणि ज्याला सगळीकडे दिसतं ते खोटारडं. मातीवर गप्प बसून नालावर तेवढं बोलेल असं आबांना हवं होतं.

त्याच सुमाराला घरी माझ्यासाठी स्थळं पाहणं चालू होतं. आबांना कुणकुण लागली आणि एके दिवशी तक्ता उलटा करून त्यांनी मागच्या बाजूला माझ्या स्थळांचे रकाने आखले. मी चिडले. पण वाचल्याशिवाय राहवलं नाही. भुसावळच्या एका मुलापुढे लिहिलं होतं, "आवाज जास्त, खोली कमी." त्या मुलाला मी नाही म्हटलं, आणि कारण विचारल्यावर वडिलांना काय सांगावं ते कळेना. जळगावच्या एकापुढे स्वभावाच्या रकान्यात होतं, "काळ्या मातीत गप्प." तो मुलगा पाहायला आला तेव्हा खरंच अर्धा तास काही बोलला नाही. मग अक्कांची शेव-भाजी खाताना एकच म्हणाला, "तिखट आहे, पण बरोबर आहे." आज पस्तीस वर्षं संसार चाललाय. बोलतो तेवढंच.

यंत्राची निवड शेवटी बंगलोरच्या एका कंपनीवर ठरली. लांब दांडा, कानाला लावायचा हेडफोन, आणि एक फिरकी, जी फिरवून मातीची ओळख करून द्यायची. "ओळख करून द्यावी लागते," आबा कौतुकानं म्हणत. "जावई पहिल्यांदा घरी आला की देतो तशी." पार्सल आलं तेव्हा अक्कांनी त्याला हळदकुंकू लावलं. सवत म्हणायचं आणि ओवाळायचंही, असं ते होतं.

फाल्गुनात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून वावरं मोकळी झाली तेव्हा एका रविवारी आम्ही तिघं एसटीनं त्या गावाला गेलो. यंत्र गोधडीत गुंडाळून आबांच्या मांडीवर होतं. बांधावर पंच होते, मावशी होत्या, त्यांचा मुलगा होता, जिभाऊ होते, आणि गाव होतं. म्हातारा काय काढतो ते बघायला शेळ्यासुद्धा आल्या होत्या. जिभाऊ सत्तरीचे, काटक, उपरणं खांद्यावर. त्यांनी आबांकडे बघितलं नाही, आबांनीही त्यांच्याकडे नाही.

पंचांनी शिवेच्या दगडापासून साखळी टाकली. त्या दगडाबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. अकरा साखळ्या झाल्या तिथे आजचा दगड. तिथून पुढे आठ आणे मोजून, बोरीच्या झाडाच्या पलीकडे खुंटी ठोकली. आबांनी यंत्राला मातीची ओळख करून दिली आणि खुंटीभोवती फिरवलं.

यंत्र गप्प.

आबांनी फिरकी थोडी फिरवली. पुन्हा फिरवलं यंत्र, वितीवितीनं, चहूबाजूंनी. गप्प. दोन वर्षं या माणसानं गप्प बसणारं यंत्र शोधलं होतं आणि आज ते गप्प बसलं होतं. आबांच्या कपाळावर घाम आला. मावशी म्हणाल्या, "सेल संपेल व्हतीन." सेल संपले नव्हते. आबांनी खिशातली किल्ली खाली टाकून पाहिली, यंत्र बोललं.

अक्का हळूच म्हणाल्या, "दगडजोडे बी दखा ना."

"तिथे कशाला?" आबा ताडकन म्हणाले.

"दखाले काय जास?"

आबा आजच्या दगडाजवळ गेले. यंत्र पुढे केलं, आणि हेडफोन आबांच्या कानाला असूनसुद्धा तो सूर आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. एकच सूर, स्वच्छ, दगडाच्या बुडाशी. पंचांनी दगड ढकलून आडवा केला आणि खणलं. हातभर खाली गंजलेला नाल निघाला.

जिभाऊंनी उपरणं हवेत उडवलं. "आठे! आठेच शे! दगड आठे व्हता, आठेच शे!"

आबा त्यांच्याकडे वळले. दोन वर्षांत पहिल्यांदा ते जिभाऊंशी बोलले.

"काय म्हणालात?"

"आठे."

"पुन्हा म्हणा."

"आठे, आठे!" जिभाऊ पायानं जमीन दाबत ओरडले.

खान्देशीत आठे म्हणजे इथे. हे मला ठाऊक होतं, अक्कांना ठाऊक होतं, शेळ्यांनासुद्धा ठाऊक असेल. कोकणातून चार दिवसांपूर्वी आलेल्या बावीस वर्षांच्या पोराला ठाऊक नव्हतं. साखळीवाला बांधापाशी पोचून लांबून ओरडला असेल, "अकरा! आठे!" अकरा साखळ्या झाल्या, दगड इथे. आणि दुसऱ्या टोकाला उन्हात कागद धरून बसलेल्या आबांनी इमानेइतबारे लिहिलं, अकरा साखळ्या, आठ आणे.

आबा बांधावर बसले. टिपणाची नक्कल मांडीवर घेऊन बराच वेळ बघत राहिले. मला भीती वाटली. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि मला वाटलं रडतायत. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. उठले, धोतर झटकलं आणि पंचांना म्हणाले, "दगड हललेला नाही. टिपण चुकलंय. टिपण मी लिहिलंय. असं लिहून घ्या, मी सही करतो."

जिभाऊच ओशाळले. "ते कोंबडानं बोलणं मी मांगे लेस, आबा."

"नका घेऊ," आबा म्हणाले. "कोंबडं खाऊन चुकलो असतो तर निदान पोट तरी भरलं असतं."

तेवढ्यात मावशींचा आवाज आला, पाखरं उडाली. "तुम्हना कानपायी आम्ही भांडी राह्यनूत! याना घरनं लगीन व्हयनं, आम्ही गयूत नही! मन्ही सून बायतीण व्हयनी, यासनी कोन्ही दखाले उनं नही! बठ्ठं तुम्हना एक कानपायी!" आबांनी दोन्ही कान धरले. मावशींनी क्षणभर बघितलं, मग हसू आवरेना तशी पदर तोंडाला लावला आणि आम्हा सगळ्यांना, जिभाऊंनासुद्धा, घरी जेवायला नेलं. कळण्याची भाकरी आणि ठेचा. आबांना किती आणे भूक होती ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही.

परतीच्या एसटीत त्यांनी यंत्र पुन्हा गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं. मला वाटलं, चला, संपलं एकदाचं. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आले तर ओसरीवर ट्रंक उघडी. पहिल्या वर्षाच्या खासगी वह्या पसरलेल्या, आणि आबा चष्मा लावून लाल पेन्सिलीनं खुणा करतायत.

"टायपिस्टबाई, अक्का माझ्या आयुष्यात आल्या त्या वर्षभरानं. आठे म्हणजे काय ते त्यांनीच शिकवलं. त्याआधीच्या वर्षात मी किती ठिकाणी आठ लिहिलंय, माहीत आहे? एकवीस."

मी म्हटलं, "आबा, त्यातले काही खरेच आठ असतील."

"असतील की. पण कुठले?"

त्याचं उत्तर यंत्राकडे होतं.

पुढची चार वर्षं ते दोघं हिवाळा-उन्हाळा हिंडले. आबांच्या मांडीवर यंत्र, अक्कांच्या मांडीवर डबा. आबांचा आता स्वतःच्या कानावर विश्वास उरला नव्हता, म्हणून गावात कोण काय म्हणतंय ते ऐकायला अक्का. कुठे चुकीचं आठ निघालं की आबा मालकांना गोळा करून चूक कबूल करत आणि अर्ज लिहून देत. अर्ज मीच टाइप करायची. सगळीकडे स्वागत व्हायचंच असं नाही. एका गावी दोन्ही मालक हात जोडून म्हणाले, "आबा, ऱ्हाऊ द्या. आम्ही त्या पट्ट्यावरून भांडलो, मग सोयरीक करून मिटवलं. आता भांडायचं कारणच नव्हतं म्हणालात तर पोरं काय म्हणतील?" आबांनी त्या नोंदीपुढे लिहिलं, "चूक. लोकांनी सांभाळली."

माझं लग्न झालं, मी जळगावला आले. आबांची पत्रं येत, कार्डावर, बारीक अक्षरात. पंधरा झाले. अठरा झाले. चुकीची आठ इतकी, खरी इतकी. खरी निघाली की कार्डाचं अक्षर जरा मोठं असे. मग एका पावसाळ्यात अक्कांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं, आणि त्यात आबा गेल्याचं होतं. मी धुळ्याला जाऊन आले. ट्रंकेवर यंत्र ठेवलं होतं, गोधडीत गुंडाळून. मी आयुष्यात माझ्या वडिलांवर जेवढं प्रेम केलं तेवढंच त्या मोजून भूक सांगणाऱ्या माणसावर केलं, हे मला त्या ओसरीवर उभं राहिल्यावर कळलं.

दिवाळीनंतर अक्का जळगावला माझ्या दारात उभ्या. हातात गोधडीतलं गाठोडं, दुसऱ्या हातात वही. एकच नोंद लाल पेन्सिलीच्या खुणेवाचून उरली होती, पारोळ्याच्या अलीकडच्या गावची, सात साखळ्या आठ आणे. मी रजा टाकली.

त्या वावरात कुणाचं भांडण नव्हतं. मालक आम्हाला बघून गोंधळले, पण साखळीचं टोक धरायला आले. शिवेच्या दगडापासून सात साखळ्या. तिथे अक्कांनी यंत्राची फिरकी फिरवली, आबा फिरवत तशी, जीभ दातात धरून. यंत्र गप्प. मी अक्कांकडे बघितलं नाही. पुढे आठ आणे मोजले. तिथला दगड कधीच नाहीसा झाला होता, नुसती काळी माती आणि हरळी. अक्कांनी यंत्र टेकवलं, आणि ते बोललं. मालकांनी कुदळीनं हातभर खणलं. नाल होता.

अक्का खाली बसल्या. नाल उचलून पदरानं पुसला आणि किती तरी वेळ बोटांनी चाचपत राहिल्या.

"हाई त्यासनी बरोबर लिखेल शे," त्या म्हणाल्या. मग नाक ओढलं आणि माझ्याकडे बघून हसल्या. "घरमा मन्हं कधी आयकं नही. वावरमा मातर बरोबर आयकं."